दोन बोटं आत

९ जानेवारी

नाही, रात्री एकदाच उठले, आणि तेही दम लागला म्हणून नाही, लघवीला. हे मी दवाखान्यात नर्सला सगळ्यांसमोर मोठ्यांदा सांगितलं, कारण ती विचारतेही मोठ्यांदाच. शेजारच्या खुर्चीवरचा कंडक्टर मान खाली घालून हसला. हसता हसता त्याच्या छातीतून शिट्टी वाजली. मी म्हटलं, झालं, सुटली गाडी.

रोज थोडं लिहीत जा, असं नर्सनंच सांगितलंय. छाती कधी भरून आली, दम्याचा पंप किती वेळा ओढला, झोप कशी लागली. पण तिच्या तक्त्यातल्या चौकटी इतक्या बारीक की माझं त्यात काही मावत नाही. म्हणून हे माझं वेगळं. शाळा गावातली, तीही सातवीपर्यंत, पण अक्षर वळणदार आहे, वळणं कुठे घ्यायची ते मात्र मी ठरवते.

आज इंजेक्शन होतं. दर पंधरा दिवसांनी असतं. फ्रीजमधून काढून आधी बाहेर ठेवतात, गार टोचलं तर जास्त दुखतं म्हणून. औषध दाट, काकवीसारखं. सुई दंडात गेली तरी लवकर संपत नाही. नर्स सावकाश दाबते आणि तेवढ्यात माझ्या घरची सगळी चौकशी करून घेते. मग अर्धा तास तिथेच बसायचं. कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाचा घसा सुजतो, तसं झालं तर दुसरी सुई तयार ठेवलेली असते. पहिल्या काही वेळा तर दोन दोन तास बसवलं होतं. तेव्हा मी सारखी जीभ बाहेर काढून खिडकीच्या काचेत बघायची, सुजली की काय. कंडक्टर म्हणाला होता, "सुजू द्या की बाई. सुनेला तेवढीच सुट्टी."

हा कंडक्टर खरंच बसवर कंडक्टर होता, आता घरी बसलाय. माझ्या आधी दोन आठवडे त्याचं इंजेक्शन सुरू झालं. मला तो शिंपीणबाई म्हणतो. दोघांचाही दमा एकाच जातीचा, धुळीतला. डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं होतं, गादी-उशीत, जुन्या कपड्यांत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. बाकीच्यांचं त्यांच्यामुळे काही बिघडत नाही. माझं शरीर मात्र त्यांना दरोडेखोर समजून बोंबा मारतं, आणि त्या बोंबलण्यात माझाच गळा आवळला जातो. हे औषध म्हणे बोंबा मारणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवतं. मी म्हटलं, असलं औषध आमच्या लेकाच्या सासूसाठी पण मिळेल का. डॉक्टरीणबाई हसत नाहीत. त्यांना हसवायचं एक माझं राहिलंय.

१४ जानेवारी

आज थंडी फार. थंडीत कोट निघतात, आणि कोट निघाले की माझं दुकान चालतं. दुकान म्हणजे काय, रस्त्याकडची एक खोली. मागे दोन खोल्यांत आम्ही राहतो. नवीन मी काही शिवत नाही. लांब असेल ते आखूड करते, घट्ट असेल ते सैल करते, चेन बदलते, अस्तर बदलते.

अस्तरानंच घात केला होता. मागच्या वर्षी एका माणसाचा बापाच्या वेळचा कोट आला. उसवला तर आतून धूळ अशी आली की जणू बापच बाहेर आला. पंप हातात घेतला तर रिकामा. गिऱ्हाइकानं उचलून रिक्षात घातलं म्हणून वाचले. दवाखान्यात तोंडाला नळी लावून पडले होते तेव्हा लेक पायाशी उभा, आणि त्याच्या मागे सून. सून रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "यांच्या खोलीत खिडकी केवढी आहे?"

महिन्याभरात दोघं आपली भाड्याची जागा सोडून माझ्याकडे राहायला आले. सूनबाईंनी खिडकीत एक जुना पंखा उलटा बसवला, दुकानातली धूळ बाहेर ओढायला. उशांना चेनच्या खोळी घातल्या. पडदे काढून टाकले, त्यामुळे आता समोरच्या इस्तरीवाल्याला मी आणि मला इस्तरीवाला दिवसभर दिसतो.

ती लिफ्ट दुरुस्त करते. म्हणून मी तिला लिफ्टवाली म्हणते. अंगात निळा डगला, कमरेला पाने. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मला वाटलं होतं नळ दुरुस्त करायला कुणीतरी आलंय, आणि मी तिला मोरी दाखवली होती. ती गुपचूप मोरीचा नळ घट्ट करून मगच बाहेर येऊन पाया पडली. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. तो बोलत नाही. त्याचं बोलणं लिफ्टवाली बोलते.

२३ जानेवारी

इंजेक्शन झालं. गोळ्या आणखी कमी केल्या डॉक्टरीणबाईंनी. त्या गोळ्यांनी माझं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं, ते आता जरा माणसात आलंय.

दुपारी लिफ्टवालीचा डबा घरी राहिला. ती इथूनच दोन गल्ल्यांवर एका इमारतीत काम करत होती. मी तोंडाला फडकं बांधून डबा घेऊन गेले. लिफ्ट अर्थातच बंद, तिनंच बंद केलेली. ती वरच्या मजल्याच्याही वर, यंत्राच्या खोलीत. खालचा पहारेकरी म्हणाला, ठेवा इथे, मी देतो. त्याच्या मळक्या हाताकडे बघून मी डबा ठेवला नाही.

जिना चढले. मध्ये थांबावंसं वाटेल म्हणून प्रत्येक मजल्यावर कुठे टेकायचं ते आधी बघून ठेवत होते. टेकायची वेळच आली नाही. वर पोचले आणि मग आठवलं की मी वर पोचलेय. उघड्या दाराआड सून दोराला तेल घालत होती. तिनं मागे वळून बघितलं तेव्हा मी कठडा धरला आणि डोळे मिटले.

ती धावत आली, मला खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला. हाताला वंगणाचा वास. "कशाला आलात आई," म्हणाली. म्हणजे रागावलीच. मग आम्ही दोघींनी तिथेच बसून तो डबा खाल्ला. अर्धा तिनं, अर्धा मी.

२९ जानेवारी

आज कानावर पडलं ते लिहिते. मी कान देऊन ऐकलं नाही. आमच्या भिंतीच तशा आहेत, आणि मी भिंतीला टेकून बसले होते.

लिफ्टवाली फोनवर बोलत होती. दुसऱ्या शहरात मोठा उंच मनोरा उभा राहिलाय, त्यातल्या सगळ्या लिफ्टा हिच्या हाताखाली द्यायच्या म्हणतात. हाताखाली माणसं, राहायला जागा. इथून रात्रभराचा प्रवास. ती म्हणाली, "साहेब, आईंचं नीट कळलं की सांगते. वीस तारखेला त्यांची तपासणी आहे."

मग लेक काहीतरी बोलला, म्हणजे बोलला असणार, कारण ती थांबली आणि म्हणाली, "बऱ्या असतील तर काय प्रश्न आहे? इंजेक्शनला इस्तरीवाल्याची बायको नेईल."

इस्तरीवाल्याची बायको. जी माझ्या दुकानात फुकट बटणं लावून घेते ती.

चांगलंच आहे. पोर स्वतःच्या हातानं वर आलीय. मी कधी कुणाच्या आड आले नाही. त्याचे बाबा गेले तेव्हासुद्धा लेकाला म्हटलं होतं, तू जा तुझ्या कामाला, मला माझं मशीन आहे. तेरा वर्षं मी आणि मशीन. काही अडलं नाही. फक्त मशीन बंद केलं की खोली फार मोठी वाटायची, तेवढंच.

आज दोनदा पंप ओढला.

३ फेब्रुवारी

घरी फुंकायला एक छोटी नळी दिलीय दवाखान्यानं, तिला मी फुंकणी म्हणते. फुंकलं की आतला काटा सरकतो. लाल, पिवळा, हिरवा. हिरव्यात गेला की छाती मोकळी.

गंमत आहे, सकाळी सून समोर उभी असते तेव्हा काटा पिवळ्यात राहतो, आणि दुपारी दुकानात मी एकटी असते तेव्हा हिरव्यात जातो. हवेचा फरक असेल.

६ फेब्रुवारी

इंजेक्शनला गेले तर कंडक्टर बाहेरच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, काय हो, आज डबल बेल नाही? तर म्हणाला, "खाली उतरवलं मला."

त्याची चार महिन्यांची तपासणी झाली. फुंकून काही फरक दिसला नाही. हे इंजेक्शन महागडं, दवाखान्यातली समिती ठरवते कुणाला द्यायचं. ज्याला लागू पडतं त्याचंच चालू ठेवतात, आणि ज्याला पडत नाही त्याचं बंद करतात. त्याला लागू पडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसरं काहीतरी बघू म्हटलंय. त्यानं किती जोर लावला ते तो मला करून दाखवायला लागला आणि तिथेच खोकल्यानं वाकला. मी त्याची टोपी उचलली. काही विनोद सुचला नाही, म्हणून नुसतीच झटकत बसले, आणि मग लक्षात आलं की टोपीची धूळ मी दोघांच्याही नाकात घालतेय.

मला टोचलं. मी अर्धा तास एकटीच बसले.

आता पुढच्या वेळी माझी तपासणी. छाती ठीक आहे.

१२ फेब्रुवारी

एक बाई मुलीचा स्कर्ट सैल करायला घेऊन आली. दुसरीकडे शिवलेला. उसवून बघते तर आत माया, म्हणजे दुमडलेलं जादा कापड, काही ठेवलेलीच नाही, अगदी कडेपर्यंत शिलाई. मी म्हटलं, बाई, आता हा सैल व्हायचा नाही. पोर वाढणार हे शिवणाऱ्याला कळू नये?

मला सासऱ्यांनी मशीनवर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकवली. मापाला माप कधी शिवायचं नाही. दोन बोटं कापड आत दुमडून ठेवायचं. बाहेरून दिसत नाही, पण वेळेला उपयोगी पडतं. माझ्या हातचं कुठलंही कापड उसवा, आत दोन बोटं सापडतील. आता हाताला सवयच झालीय. भातसुद्धा मी पुरा वाढत नाही, पातेल्यात ठेवते.

२० फेब्रुवारी

झाली तपासणी.

लाकडी खुर्चीत ताठ बसवतात. नाकाला चिमटा लावतात, तो लावला की मी कावळ्यासारखी दिसते आणि बोलतेही तशीच. तोंडात जाड पुठ्ठ्याची नळी. मग नर्स म्हणते, श्वास भरा, भरा, भरा, आणि आता फुंका. फुंका म्हटल्यावर ती स्वतःच एवढी ओरडते की वाटतं हिचीच तपासणी चाललीय. "जोरात, जोरात, अजून, अजून, संपेस्तोवर." तीनदा करायचं. समोर पडद्यावर रेघ चढते.

लिफ्टवाली माझ्यामागे उभी होती. कामावरून तशीच आली होती, निळ्या डगल्यात. तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. मला तो दिसत नव्हता पण कळत होता.

फुंकलं. तिन्ही वेळा फुंकलं.

डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले. मग मागचे आकडे बघितले. चष्मा काढून पुन्हा बघितले. म्हणाल्या, तुमचा चेहरा, तुमचं बोलणं बघून मला वाटलं होतं बराच फरक असेल. इथे तर जवळजवळ होतं तेवढंच आहे. मी म्हटलं, वय झालं. त्या म्हणाल्या, याला वयाचा संबंध नाही.

खुर्चीवरचा हात लिफ्टवालीनं काढून घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवला.

आज टोचलं नाही. असा आकडा असताना समिती मंजुरी देणार नाही म्हणाल्या. पाच आठवड्यांनी पुन्हा फुंकायचं. तेव्हाही असंच आलं तर बंद. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे कंडक्टरचं ऐकलं होतं, पण तो कंडक्टर.

बाहेर पडताना लिफ्टवालीनं माझी पिशवी धरली. म्हणाली, "आई, घाबरू नका. आम्ही आहोत ना." मला त्या शब्दांनी इतकं बरं वाटलं की मी रस्त्यात तिला म्हटलं, चल, आज चहा माझ्याकडून.

२५ फेब्रुवारी

लेक आज तीन वाक्यं बोलला. तिन्ही माझ्या उशीबद्दल.

लिफ्टवाली खोळी उकळत्या पाण्यातून काढते. अर्धा दिवस काम करून घरी येते. मी कपडे उसवायला घेतले की हातातून काढून स्वतः बाहेर गॅलरीत जाऊन उसवते. तिच्या हातात कात्री अशी दिसते जशी माझ्या हातात पाना दिसेल. काल एका पँटचा पायच उसवून बसली, कंबर उसवायची होती. आम्ही दोघी हसलो. मी पोट धरून हसले, आणि मग मला एकदम आठवलं आणि मी खोकले.

संध्याकाळी तिला फोन आला, ती बाहेर जाऊन बोलली. परत आली तेव्हा मी विचारलं कुणाचा. म्हणाली, कामाचा. आणि खोळींना चेन लावत बसली.

६ मार्च

आज इंजेक्शनचा दिवस असता. सकाळी उठून मी सवयीनं दंड मोकळा राहील असा ब्लाउज घातला. मग काढून ठेवला.

अजून काही होत नाहीये. चांगलंच वाटतंय. म्हणजे औषध अंगात शिल्लक असेल. किती दिवस शिल्लक राहतं ते नर्सला विचारायला फोन केला, आणि ती विचारेल कशाला हवंय म्हणून तिनं उचलताच ठेवून दिला.

१३ मार्च

दुपारी दारात कंडक्टर. मी ओळखलंच नाही. रंग राखाडी, गळ्याच्या शिरा वर आलेल्या. हातात त्याचा काळा कोट, रिटायर होताना मिळालेला. "शिंपीणबाई," म्हणाला, आणि पुढचं बोलायला स्टुलावर बसला. मी थांबले. आधी असा कुणी थांबला की मी त्याच्या तोंडातलं वाक्य पुरं करायची. आज केलं नाही.

"कोट... मोठा झाला."

कोट मोठा झाला नव्हता. माप घेतलं. टेप त्याच्या छातीभोवती धरली तेव्हा बोटांखाली बरगड्या कशा वर-खाली होतात ते लागत होतं. खांदेसुद्धा श्वास घ्यायला मदत करत होते. सगळं अंग त्या एकाच कामाला लागलेलं. दोनदा दवाखान्यात राहून आला म्हणाला. नवीन इंजेक्शनचं विचारलंय, अजून कळवलं नाही.

मग मला म्हणाला, "तुमचं चालू आहे ना? लागू पडलंय तुम्हाला. मी... मी बघत होतो. तुम्ही बोलताना मध्ये थांबत नाही आता." थोडा वेळ घेतला. "मला पडलं असतं तर."

मी म्हटलं, कोट मंगळवारी घेऊन जा. पैसे विचारत होता. मी म्हटलं, हाफ तिकीट.

तो गेल्यावर फुंकणी काढली. दुकानात एकटीच होते. काटा पिवळ्यात.

पुन्हा फुंकलं. पिवळ्यात.

१९ मार्च

काल झालं.

दुपारीच झालं. काही उसवत नव्हते, धूळ नव्हती, नुसती मशीनपाशी बसले होते. आधी घशात खाजलं. मग छातीवर कुणी इस्तरी ठेवल्यासारखं. श्वास आत जातो, बाहेर येत नाही. लोकांना वाटतं दम्यात श्वास घेता येत नाही. श्वास सोडता येत नाही. भरलेल्या पिशवीत आणखी भरायचं, तसं होतं.

पंप ओढला. पुन्हा ओढला. इस्तरीवाल्यानं काचेतून बघितलं आणि तो धावत आला, आणि त्याची बायको सुद्धा, जी फुकट बटणं लावून घेते. तिनं माझं डोकं पुढे धरलं आणि पाठ चोळत राहिली आणि लिफ्टवालीला फोन लावला. लिफ्टवाली कामावरून कशी आली माहीत नाही. तिच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात चप्पल.

दवाखान्यात वाफ दिली, गोळ्या पुन्हा वाढवल्या. तोंड पुन्हा भोपळा होणार. रात्रीपर्यंत घरी सोडलं.

घाबरले. लिहून ठेवते, फार घाबरले. विसरले होते कसं असतं ते.

आता पुढच्या आठवड्यात पुरा जोर लावून फुंकेन. फुप्फुस बाहेर आलं तरी चालेल.

२७ मार्च

पुरा जोर लावला. नर्स ओरडायच्या आधीच मी सुरू झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी शेवटी नुसता हुंकार निघत होता, तरी फुंकत राहिले. तिसऱ्यांदा फुंकून झाल्यावर नर्सनं मला धरलं.

आकडा मागच्या वेळेइतकाच. काडीभर कमीच.

डॉक्टरीणबाई हळू आवाजात बोलल्या. त्या हळू बोलतात तेव्हा वाईट असतं. म्हणाल्या, औषध असताना आणि नसतानाही सारखंच आलंय, म्हणजे औषध लागू पडत नाही हे नक्की झालं. मी समितीला तसं कळवते. आपण दुसरं काही बघू. कंडक्टरला म्हटलं होतं तेच.

लिफ्टवाली म्हणाली, ठीक आहे डॉक्टर. तिचा आवाज अगदी सपाट.

मी नाकाला चिमटा तसाच ठेवून बोलले, कारण काढायचं सुचलं नाही. कावळ्याच्या आवाजात बोलले. "मागच्या वेळचं फुंकणं खोटं होतं."

कुणालाच नीट कळलं नाही. मग चिमटा काढला आणि पुन्हा सांगितलं. त्या दिवशी माझी छाती मोकळी होती. मी अर्धं फुंकून सोडून दिलं. तिन्ही वेळा. आज पुरं फुंकलं, पण आज औषध अंगात नाही.

डॉक्टरीणबाईंनी मागची रेघ पडद्यावर काढली आणि बघत राहिल्या. म्हणाल्या, ही मध्येच तुटलीय, मला वाटलं खोकला आला असेल. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज आता मुळीच हळू नव्हता. "तुम्हाला कळतंय का, हे औषध मिळावं म्हणून माणसं वाट बघतायत? आणि तुम्ही आत्ता सांगताय ते खरं कशावरून?"

एकदा खोटं फुंकणारीचं खरं कोण मानणार.

तेव्हा लिफ्टवाली बोलली. माझ्याकडे न बघता डॉक्टरीणबाईंशी. "जानेवारीत या सगळे मजले चढून माझा डबा घेऊन आल्या होत्या. लिफ्ट बंद होती. लिफ्टच्या बोगद्यातून खालचा आवाज वर येतो. मी तळापासून ऐकत होते. कुठे थांबल्या नाहीत. गुणगुणत येत होत्या." मग म्हणाली, "वर आल्यावर थकल्या."

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं की मी गुणगुणत होते. आणि तरी पाठीवरून हात फिरवत होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, का केलंत असं? मी म्हटलं, शिंपीण आहे, दोन बोटं आत ठेवायची सवय. कुणी हसलं नाही. मला पण हसू आलं नाही.

शेवटी त्यांनी समितीला लिहिलं की पहिली तपासणी नीट झाली नव्हती. आजपासून पुन्हा टोचायचं, आणि दोन महिन्यांनी त्या स्वतः समोर उभ्या राहून फुंकायला लावणार. समितीनं मानलं तर. मानतील असं वाटतं म्हणाल्या, वाटतं एवढंच. आजची सुई मात्र दिली. नर्सनं या वेळी घरची काही चौकशी केली नाही.

२८ मार्च

काल घरी आल्यावर लिफ्टवालीनं आधी खिडकीतला पंखा उतरवला, पाती पुसली, परत चढवला. त्याला काही झालेलं नव्हतं.

मग म्हणाली, "आई, मी माणसं दोरावर सोडते. काटा बघते आणि सोडते. काटा खरं सांगतो म्हणून मला झोप लागते. तुम्ही काट्यालाच फसवलंत. मला वाटत राहिलं मशीन बिघडलं असेल. माणूस असं करेल हे मनात आलं नाही माझ्या."

मी म्हटलं, मनोऱ्याचं मला माहीत होतं.

तिनं पाना खाली ठेवला. ते कसं कळलं विचारलं नाही, भिंतीकडे बघितलं फक्त. म्हणाली, "त्यांना मी फेब्रुवारीतच नकार कळवला. तपासणीनंतर पाच दिवसांनी. त्यांनी दुसऱ्याला घेतलं."

"आता पुन्हा विचारलंस तर?"

"असं पुन्हा विचारत नाहीत, आई."

लेक दारात उभा होता. तो म्हणाला, "आम्ही तुला घेऊनच जाणार होतो. तपासणी झाली की विचारणार होतो. इस्तरीवाल्याची बायको फक्त तिकडची जागा ताब्यात मिळेपर्यंत." एवढं सलग तो लग्नातसुद्धा बोलला नव्हता.

मी अरेरे म्हणाले. आणखी काय म्हणणार. अरेरे म्हणाले, आणि पदरानं डोळे पुसले.

३ एप्रिल

कंडक्टरचा कोट तयार होऊन केव्हाचा टांगलाय. न्यायला आला नाही म्हणून आज इस्तरीवाल्याबरोबर घरी पाठवला. बायकोनं घेतला म्हणे, तो आत झोपला होता, पण शिट्टी ऐकू येत होती. म्हणजे आहे. कोट दोन्ही बाजूंनी आत घेतलाय. जादाचं कापड कापलं नाही, आतच दुमडून ठेवलंय. अंग भरलं तर सोडता येईल.

१० एप्रिल

दुसरी सुई झाली. समितीनं दोन महिने दिले. फुंकणीचा काटा आज सकाळी हिरव्याला टेकला. लिफ्टवाली समोर होती. तिनं नळी माझ्या हातातून घेतली, स्वतः फुंकून बघितली, परत दिली आणि म्हणाली, "चालतेय." त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा आपणहून बोलली. मग जाताना दारातून म्हणाली, आज डबा विसरून जातेय, लिफ्ट बंद आहे, बघा जमलं तर. आणि डबा खरंच ओट्यावर ठेवून गेली.

मी तो घेऊन निघणारच आहे. त्याआधी एक लिहायचं राहिलंय, ते लिहून टाकते, नाहीतर जिन्यात अडकेल.

तिनं मनोरा सोडला हे कळलं तेव्हा मी अरेरे म्हणाले, ते खोटं होतं. डोळे पुसले, तेही कोरडेच होते. मला आनंद झाला होता. दोघं मला बरोबर नेणार होती हे ऐकल्यावरही तो कमी झाला नाही. अजून आहे.